मामांचा लांडगा

सासुरवाडीला गेलं की दुसऱ्या दिवशीच माझी चुळबुळ सुरू होते. जेवा, झोपा, चहा घ्या, परत जेवा. शहाण्णवची दिवाळी तर फारच अवघड गेली. पुढच्या महिन्यात माझी नागपूरला बदली होती आणि वरवंडला परत कधी येणं होईल, कुणास ठाऊक. मामा, म्हणजे माझे सासरे, लग्नापासून म्हणत होते, “पाव्हणं, एकदा लांडगा दावतो तुमाला.” दर खेपेला काही ना काही आडवं यायचं. आता दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. मी दुपारचा चहा तसाच ठेवला आणि मामांना उठवलं.

“लांडगा बघायला चाललाय का जेवण चुकवायला?” बायकोनं आतून विचारलंच.

मामांची हयात मेंढरांमागं दौंड-शिरूरचे माळ तुडवण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला होता. गावाबाहेर माळाच्या कडेला एका बाभळीखाली आम्ही बसलो. मामांनी आधी वारा बघितला, मग मला दम दिला, “तोंडातनं आवाज काढायचा न्हाई. हलायचं न्हाई.”

आणि हे सांगतात कुणाला, तर मला. पायाला मुंग्या आल्या, मानेवर चिलटं बसली. दोन हरणं आली, चरून गेली. एक खोकड बिळातून डोकावलं. मी सारखा घड्याळ बघायचो आणि मामा डोळे वटारायचे. उजेड चालला होता.

आणि तो आला. समोरच्या बांधावर, वाळल्या गवताच्या रंगाचा, लांब पायांचा. थांबला, मान आमच्याकडं वळवली.

“हाऽऽड! हुर्रर्र!” मामा काठी उगारून उभेच राहिले. सगळा माळ दणाणला. लांडगा एका उडीत बांधापलीकडं गेला.

माझं डोकंच फिरलं. सासरे-बिसरे काही बघितलं नाही. “अहो मामा, ओरडलात कशाला? मेंढरं आहेत का आता तुमच्याकडं?”

मामा खाली बसले. “आपसूक झालं, पाव्हणं.” त्यांनी काठी गवतात ठेवून दिली.

“जल्मभर त्याला हाकलतच आलो,” ते म्हणाले. “म्हणलं, आता मेंढरं न्हाईत, तर एकदा आपुनबी निवांत बघू.”