इंजिनावर ओतलेलं तीर्थ

मी रोज पहाटे पोथी वाचणारा माणूस. तरीही त्या सकाळी वेरूळच्या चढावर माझ्या मनात आलं ते असं: एवढं करूनही देव ऐन वेळी पाठ फिरवणार असेल, तर करायचं कशाला? ते लिहायलाही आज लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. कन्नडजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला, की डोळ्यापुढं काळा पडदा उतरतोय. आईचा डावा डोळा फार पूर्वीच गेलेला. उरलेला हा एकच. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, डोळ्याचा मागचा पडदा सुटलेला दिसतो, दुपारी बाराच्या आत आणा, डोकं हादरू देऊ नका. मी आणि सौ. उजाडताच शहरातून गावी निघालो आणि आईला मागच्या सीटवर, हिच्या मांडीवर डोकं ठेवून निजवून परत फिरलो.

गाडी दसऱ्यापासूनच थरथरत होती. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, चारपैकी एक सिलेंडर नीट काम करत नाही, दोन दिवस गाडी ठेवा. मी म्हटलं, बघू नंतर. हे 'नंतर' आता चढावर आडवं आलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना, आचके देऊ लागली आणि प्रत्येक आचक्याला आईचं डोकं हले. "लई हादरतंय रे बाबा," एवढंच ती म्हणाली. खुलताबादच्या जरा अलीकडे मी गाडी कडेला घेतली. मित्राला फोन केला, पण शहरातून त्याची गाडी यायला तास-सव्वा तास लागणार होता. बस येत होत्या, पण त्यात आईला आडवं कुठं निजवणार? मी रस्त्यात उभा राहून मोठमोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागलो. आतून आई म्हणाली, "ओरडून काय व्हतंय? कुणाला तरी इचार."

समोर दर्ग्यासाठी फुलांच्या चादरी विकणारे एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते आधीच उठून येत होते. "साहेब, इंजिन बंद नका करू, चालू राहू द्या. बोनट खोला. तीस साल जीप चालवली मी या घाटात."

त्यांनी कान इंजिनाजवळ नेला आणि डोळे मिटले. मग ठिणगीच्या कॉइलची एकेक वायर काढून पुन्हा बसवू लागले. पहिली काढली, इंजिन खचलं. बसवली, सावरलं. दुसरीचंही तसंच. तिसरी काढली, तर आवाजात तसूभर फरक नाही. "हे बघा," ते हळूच म्हणाले, "जिसके जाने से फरक नहीं पडा, तोच काम करत नव्हता." चौथीही त्यांनी तपासली. मग इंजिन बंद करायला लावून तिसरी कॉइल वर ओढली. तिच्या टोकाला पाणी होतं, आणि ते पाणी लाल होतं.

दसऱ्याला मी पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी, त्यात हळद-कुंकू कालवून, तांब्याभर इंजिनावर ओतलं होतं. इंजिन म्हणजे गाडीचं काळीज, म्हणून. तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, गाडीला टिळा लावतात, आंघोळ घालत नाहीत." तिला मी नास्तिक म्हणून मोकळा झालो होतो. आता त्यांनी कॉइल बाजूला धरली तेव्हा खिडकीतून तिनं ते लाल पाणी पाहिलं आणि टोमण्याऐवजी आईचं डोकं मांडीवर नीट सावरून धरलं. ते जास्त लागलं.

त्या गृहस्थांनीही टोमणा मारला नाही. खांद्यावरच्या रुमालानं कॉइल बसते तो खळगा टिपला, जुन्या पेटीतून पाना आणून प्लग काढला, घासला, कॉइल कोरडी करून बसवली. "पूजा अच्छी केली साहेब. पर पानी जरा जास्त झालं." गाडी सुरू केली आणि थरथर गेली होती. मी हात जोडले. ते म्हणाले, "पहले निघा. अम्मांना म्हणा, दुवा करा माझ्यासाठी."

चढ संपला, मग दौलताबादचा उतार, आणि सारा वेळ आईचं डोकं हिच्या मांडीवर स्थिर होतं. पावणेबाराला आम्ही दवाखान्यात पोचलो. संध्याकाळी शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, पडदा जागेवर बसला. मी तिथल्या बाकावरच रडलो.

त्या माणसाला देवानं पाठवलं का, मला ठाऊक नाही. मी नंतर हार घेऊन गेलो, तर ते तिथंच चादर विणत होते आणि माझ्या आधी त्यांनीच विचारलं, "अम्मांना दिसतंय ना?" एवढं मात्र कळलं, की मी देवावर ओतत होतो, त्याचं ऐकत नव्हतो. हिच्या तोंडून तो एकदा बोलला होता, आईच्या तोंडून दुसऱ्यांदा. हल्ली पोथी मिटल्यावर मी थोडा वेळ नुसता ऐकत बसतो.

यंदाच्या दसऱ्याला तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि बोनटवर बोटभर कुंकू लावलं. आई लांब पायरीवर बसली होती. तिथूनच तिनं मला हटकलं.

"डावीकडं गेलाय रं टिळा. नीट लाव."