दुसऱ्या पायातली चप्पल

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. साऱ्या भिवंडीत मला फसवू शकलेला हा एकच माणूस, आणि त्याने ते काम फुकटच्या फोनवर केलं. कोऱ्या कापडाचे तागे डोक्यावरून वाहत मी धंदा उभा केला. सुरतेचे दलाल माझ्या दुकानातून घाम पुसत बाहेर पडतात. आणि मला गंडवलं कोणी, तर भाजीवालीकडे कोथिंबिरीची एक काडी जास्त मागताना ज्यांची जीभ अडखळते त्या या गृहस्थांनी.

साडू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात घालवली. त्यामुळे दोन माणसं बोलायला लागली की मध्येच ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?’ असं विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. एकदा घरी सत्यनारायणाची कथा चालू असताना त्यांनी भटजींनाही हे विचारलं होतं. निवृत्तीनंतर ते वर्षभर सोफ्यावर नुसते बसून होते. मग त्यांच्या मुलाने पुण्याहून कॉम्प्युटर आणून दिला आणि इंटरनेटवरून चार-पाच घरं एकाच फोनवर कशी आणता येतात ते दाखवलं. त्या दिवसापासून साडू पुन्हा नोकरीला लागले, बिनपगारी. नाशिकचा मेहुणा, सुरतेची मावशी, पनवेलची आत्या, कोणाची सुटका नव्हती. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांना साडू सायबर कॅफेत जायला लावायचे, आणि कॅफेवाल्याला आधी फोन करून ‘आमची आत्या येतेय, जरा पंख्याखालची जागा द्या’ असंही सांगायचे.

धामणकर नाक्याजवळच्या त्यांच्या घराला दोन्ही बाजूंनी लूमचे कारखाने चिकटलेले. एरवी तिथे मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून कॉन्फरन्स शुक्रवारी सकाळी. एकदा हौसेने त्यांनी ती बुधवारी लावली, तर नाशिकच्या मेहुण्याला वाटलं आम्ही सगळे मालगाडीत बसून बोलतोय. कॅमेरा नव्हता, तरी साडू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि मला लुंगीवर बसू द्यायचे नाहीत. आधी सगळ्यांची हजेरी. मग चहा. इकडे आमचे कप आले की तिकडच्यांनीही आपापला चहा घ्यायचा, म्हणजे सगळे एकत्र प्यायल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. आवाज मात्र ते अंतरावर ठरवायचे. पनवेलशी हळू, नाशिकशी जरा चढ्या आवाजात, सुरतेशी मोठ्याने. पुढे न्यूझीलंडचा संबंध आला तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की खालचा पानवाला वर धावत आला. मी म्हटलं, ‘भाऊ, कॉम्प्युटर बंद करा आणि नुसते गच्चीवर जा, तरी त्यांना ऐकू जाईल.’ यावर ते रागावले नाहीत. त्यांना रागावता येत नाही, हाही माझा त्यांच्यावर राग आहे.

तर न्यूझीलंड. नकाशात जिथे कागद संपतो तिथे हा देश आहे. माझ्या लेकीला, वैशूला, तिथे नोकरी करणाऱ्या एका मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, त्यात मला खोट काढता आली नाही, आणि मी खोट काढण्यावरच जगतो. मला एकच अट घालायची होती. दोन वर्षांत मुलाने इकडे परत यायचं. एवढी एक पोर आहे मला, ती कागदाच्या कडेवर जाऊन बसली तर मी भांडायचं कोणाशी?

आता माझी सौदा करायची पद्धत सांगतो, कारण सगळा घात तिथेच झाला. मी अट तोंडाने कधीच घालत नाही. समोरच्याचं बोलणं ऐकतो आणि गप्प बसतो. मग उठतो, दारात जातो, सावकाश एका पायात चप्पल घालतो. इतक्यात मागून ‘शेठ, बसा हो, काय ते सांगा तरी’ अशी हाक येतेच. मग मी परत येऊन अट सांगतो आणि ती मान्य होते. एवढ्या वर्षांत दुसऱ्या पायात चप्पल घालायची वेळ माझ्यावर कोणी आणली नव्हती.

मुलाचे वडील मानकोलीचे. मानकोली म्हणजे शेअर रिक्षात बसलं की आलंच. पण साडू म्हणाले, मुलगा तिकडून फोनवर येणार, तर त्याच्या वडिलांनीही आपल्या घरून यावं, त्यांच्याकडे मुलाचा कॉम्प्युटर आहेच, म्हणजे सगळे सारखे. मला ते तेव्हा नेहमीचं खूळ वाटलं. शुक्रवारी साडूंच्या घरी आम्ही जमलो. मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, कोपऱ्यात वैशू, आणि कॉम्प्युटरसमोर इस्त्रीच्या शर्टात साडू. हजेरी झाली, चहा झाला. मानकोलीहून मुलाचे वडील म्हणाले, ‘लगीन झाला का दोघा जातील. आमची काय हरकत न्हाय. तुमचा काय तो बोला.’

मी गप्प बसलो. चांगला दणदणीत गप्प बसलो. समोर असते तर त्या माणसाला घाम फुटला असता. पण त्यांना माझं तोंडच दिसत नव्हतं. ‘आवाज येतंय ना?’ त्यांनी विचारलं. ‘येतोय, येतोय,’ साडू म्हणाले, ‘शेठ ऐकतायत.’

मी उठलो. दारात गेलो. उजव्या पायात चप्पल घातली आणि वळून पाहिलं. बायको पदराशी चाळा करत होती. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायाकडे पाहिलं. ही पद्धत त्यांनी माझ्या दुकानात किती वेळा पाहिली असेल. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि माइकमध्ये, मानकोलीला शोभेल अशा हळू आवाजात म्हणाले, ‘आमच्याकडूनही कोणाची हरकत नाही.’

आपण होऊन परत फिरणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी दुसरी चप्पल घातली, खाली गेलो आणि उसाच्या गुऱ्हाळवाल्याशी बर्फावरून भांडलो. वर आलो तेव्हा पेढे वाटून झाले होते आणि साडू सुरतेशी ओरडत होते.

त्या संध्याकाळी मी त्यांना धरलं. माझं डोकं तापलं की समोरचा माणूस मागे सरकतो. हे सरकले नाहीत. म्हणाले, ‘शेठ, तुम्ही दारात गेलात की हाक मारायची नाही, असं मला सांगितलं होतं.’ कोणी, असं मी विचारलं. तर म्हणतात, ‘ट्रंक कॉल जोडणारा माणूस दोन्हीकडचं ऐकतो. एकाचं दुसऱ्याला सांगत नाही.’ बायकोला विचारलं, तिने शपथ घेतली. वैशूला लग्नानंतर विचारायला गेलो, तर ती न्यूझीलंडची बॅग भरत होती. मग विचारायचं राहून गेलं.

आता दर शुक्रवारी वैशू फोनवर येते. तिच्याकडे संध्याकाळ असते. हजेरी होते, चहा होतो. इतरांना साडू अजून तीन मिनिटांवर टोकतात, पण वैशूची पाळी आली की त्यांना चष्मा पुसायचा असतो आणि तो बराच वेळ पुसला जातो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. तरी शर्ट इस्त्रीचा असतो.

मागच्या शुक्रवारी वैशू म्हणाली, यंदाही सुट्टी मिळत नाहीये, पुढच्या वर्षी बघू. मी उठलो, दारात गेलो, उजव्या पायात चप्पल घातली. मागून स्पीकरवर तिचा आवाज आला, अगदी शांत.

‘बाबा, चप्पल काढा आणि बसा. मी अजून फोन ठेवला नाहीये.’

तिला तिथून दिसत नाही. कॅमेरा आजही नाही. साडू चष्मा पुसत होते.

मी बसलो, हे खरं. पण हाक मारायची कशी हे या दोघांनाही ठाऊक होतं, तर त्या दिवशी एकानेही का मारली नाही? साडूंनी सांगावं, नाहीतर लेकीने यावं आणि समोर उभं राहून सांगावं. फोनवरचं उत्तर मी घेणार नाही.