साठ नवऱ्यांची गाडी

चौकहून कर्जतला जाताना डाव्या हाताला एक गाव लागतं. त्या गावात मशीनच्या तेलाविषयी शेवटचा शब्द भिवाजीकाकांचा. कुणाचा पाण्याचा पंप तापला, कुणाच्या भातगिरणीतून कुरकुर ऐकू येऊ लागली, की माणूस आधी काकांच्या ओट्यावर येतो आणि मग मिस्त्रीकडे जातो. काका रसायनीला एका रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं ऑइलमन होते. ज्या मशीनचे तास भरले त्याचं तेल काढायचं, नवं भरायचं आणि पाटीवर तारीख टाकायची, एवढंच काम. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही मशीन तेलावाचून बसलं नाही. हे वाक्य काका स्वतः कधी बोलत नसत. पण दुसरं कुणी बोलेपर्यंत पाहुण्याला चहाही मिळत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात आतून एक कागद चिकटवला. त्यावर कारखान्यातल्या पाटीसारख्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : मागचं ऑइल ४,२०० ला, पुढचं १४,२०० ला. गाडीच्या पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं छापलं होतं. त्यातले दहा हजार काकांनी मंजूर केले. वर्षाची अट मात्र त्यांनी फेटाळली. उभ्या मशीनचं तेल बदलायचं म्हणजे न जेवलेल्याला आंचवायला पाणी द्यायचं, असं ते म्हणत. वर्षाची गोष्ट कंपनीवाल्यांनी डबे खपवायला काढलेली. ती नवख्या माणसाला सांगावी, ऑइलमनला नाही.

गाडी तशी फारशी बाहेर निघत नसे. कर्जतच्या बाजाराला काका टमटमने जात, कारण बाजारात गाडीला ओरखडा पडतो. गाडीला खरं काम एकच होतं. लग्न लागल्यावर नवरीला मांडवापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत न्यायचं.

हे ठरवून झालं नव्हतं. शेजारच्या लडकूच्या मुलीच्या लग्नात सजवलेली गाडी आयत्या वेळी आलीच नाही, तेव्हा काकांनी आपली काढली. ती पोरगी सासरी सुखात पडली, वर्षाच्या आत मुलगा झाला, आणि गावाने काढायचा तो निष्कर्ष काढला. पुढे आसपासच्या चार गावांत भिवाजीकाकांच्या गाडीतून वेस ओलांडल्याशिवाय पाठवणी झाली असं कुणी मानेना. काका पैसे घेत नसत. नारळ, टॉवेल आणि टोपी, बस. टोप्यांची एवढी चळत झाली की चंद्राकाकूंनी त्या लोणच्याच्या बरण्यांवर घालायला सुरुवात केली. प्रत्येक नवरीचं नाव काका कारखान्याच्या जुन्या डायरीत लिहून ठेवत.

मांडव ते वेस, कुठे एक किलोमीटर, कुठे दीड. वरातीला मात्र चार तास ठरलेले. पुढे बेंजो, बेंजोच्या पुढे नाचणारे, नाचणाऱ्यांच्या पुढे नाचणाऱ्यांना आवरणारे, आणि सगळ्यांच्या मागे काकांची गाडी. काचा बंद, एसी चालू, म्हणून इंजिनही चालू. मारुतीला नारळ फुटला की जोडपं सासरच्या गाडीत बसायचं आणि काका आपली गाडी घरी आणून तिच्यावर कापड घालायचे. काट्यावर दोन-तीन किलोमीटर वाढलेले दिसायचे, ते बघून त्यांना बरं वाटायचं. मागचं ऑइल बदलून अडीच वर्षं झाली होती आणि गाडी जेमतेम अठराशे किलोमीटर फिरली होती.

दर रविवारी ते इंजिनातली ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या रुमालाला पुसत. तेल काळं दिसे. काळं झालं म्हणजे तेल आपलं काम करतंय, असं ते बघणाऱ्याला समजावत. शिवाय तेल कमी होत नव्हतं. खुणेवर असलेलं तेल गेल्या वर्षापासून खुणेच्या किंचित वरच चढलं होतं. इतक्या मुली सुखरूप पोचवल्या त्याची ही बरकत, असं काकू म्हणायच्या. काका हसायचे, पण नाकारायचे नाहीत.

या बरकतीवर शंका घेणारा एकच माणूस होता. किशोर. माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला, आयटीआय करून रस्त्याला गॅरेज टाकलेला, दोन मुलांचा बाप. पण काकांच्या लेखी अजून ‘वाडीवरचा पोरगा’. टायरात हवा भरायला गाडी आली की तो बॉनेट उघडायचा, पट्टी नाकाशी धरायचा आणि म्हणायचा की काका, ऑइल बदलून टाका, पेट्रोलचा वास मारतोय. काका काचेवरच्या कागदावर बोट ठेवायचे. अजून आठ हजार दोनशे बाकी. पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार, असं विचारून ते हवेचे पैसे देत आणि निघत. घरी येऊन काकूंना सांगत की पोरगा वाईट नाही, पण धंदा शिकलाय.

मग अक्षदाचं ठरलं. अक्षदा ही काकांची एकुलती एक मुलगी, खोपोलीला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मुलगा साईनाथ, खालापूरकडचा, सगळ्यांच्या पसंतीचा. बैठकीत मुलाच्या मामांनी सहज सांगितलं की पनवेलहून त्यांची मोठी काळी गाडी आणतील, तिचं छप्पर उघडतं, नवरा-नवरीला उभं राहून हात हलवता येतो. काकांनी पानाचा विडा खाली ठेवला. लोकांच्या एकोणसाठ लेकी मी नेल्या, ते म्हणाले, आणि माझी लेक दुसऱ्याच्या गाडीतून जाईल का? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द गेला तो गेला.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा साठावी वरात निघाली. नवरीचं नाव रिया. वेस तीनशे पावलांवर आली असताना मागच्या सीटवरून रियाने विचारलं, “काका, तो लाल दिवा कसला हो? बुधल्यासारखा?”

काकांनी बघितलं. कारखान्यात तेलाचा असा दिवा लागला की ते जेवणाच्या ताटावरून उठून धावत.

“काय नाय गं,” ते म्हणाले, “पाठवणीला गाडीलाबी रडू येतं.”

त्यांनी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला, दिवा विझला. पाय काढला, लागला. पुढे नाचणारे रस्त्यावर लोळत नागीण करत होते. उरलेली तीनशे पावलं काकांनी अशी काढली की गाडी जागेवर गुरगुरत होती आणि लोकांना वाटत होतं म्हातारा रंगात आलाय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्याला माणूस नसताना, काका डोक्यावरून टॉवेल घेऊन गॅरेजला गेले. कुणी ओळखू नये म्हणून टॉवेल. गाडीला अजून रियाच्या लग्नातला झेंडू लटकत होता.

किशोरने गाडी रॅम्पवर घेतली, खाली ट्रे सरकवला आणि इंजिनाखालचा नट सोडला. आधी पाण्यासारखं पातळ काळं भळभळून आलं, त्याला पेट्रोलचा वास. मग धार थांबली. किशोरने आत तार घातली, तेव्हा खरवडीसारखे गोळे पडायला लागले. काका उकिडवे बसून ट्रेकडे बघत होते.

“अठराशेच झालेत रं,” ते म्हणाले. “कागद बघ.”

किशोरने कागद बघितला नाही. फडक्याला हात पुसत तो म्हणाला, “काका, कारखान्यात तुमचा कंप्रेसर किती किलोमीटर चालायचा?”

कंप्रेसर तीस वर्षांत जागचा हलला नव्हता. त्याचं तेल काका दर दोनशे तासांनी काढायचे. एकदा साहेबाने दहा तास थांबायला सांगितलं होतं, तेव्हा काकांनी पाना खाली ठेवून अख्खी पाळी थांबवली होती. आणि इथे डायरीत साठ नवऱ्या. साठ गुणिले चार. हिशेब त्यांना कागदावर करावा लागला नाही. दोनशे चाळीस तास गाडी जागेवर धडधडली होती, आणि ते काटा बघून खूश होत होते.

“बरकत व्हती ती पेट्रोल व्हतं तर,” ते शेवटी म्हणाले.

किशोर मान खाली घालून हसला. मग त्याने नीट सांगितलं. नवं तेल, नवा फिल्टर आज टाकतो. पण आत तेल उचलणारी जाळी चोंदलीय, इंजिन खोलावं लागेल, सामान यायलाच दहा दिवस. तोवर रस्त्याने हळूहळू कर्जतला जाऊन याल, कारण इंजिन जोरात फिरतं तेव्हा तेल चढतं. जागेवर मंद ठेवलं की चढत नाही. म्हणजे वरात सोडून काहीही करा. वरातीत मात्र इंजिन अर्ध्या वाटेत बसेल.

घरी काकांनी सगळं सांगितलं, रुमालाच्या घड्या करत. चंद्राकाकू म्हणाल्या की मामांची काळी गाडी आहेच, फोन करू. काकांनी रुमाल परत उलगडला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी अक्षदा लॅबमधून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, “बाबा, मला तुमच्या गाडीत बसायचंय. इंजिन चालू पायजे असं मी कवा म्हटलं?”

काकांनी मान वर केली.

“वरात काय वेगाने जाते? ढकला की.”

लग्नाच्या दिवशी किशोर आणि त्याच्या वाडीचा जैतू डिकीच्या बाजूला उभे राहिले, झेंडूच्या माळांच्या आड. लडकूही आला. काकांनी किल्ली एकच घर फिरवली, स्टिअरिंग मोकळं करायला. बेंजो वाजला आणि गाडी निघाली, रोजच्याच चालीने. खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त नवऱ्या मुलाच्या, कारण मे महिन्यात एसी लागेना. त्याचा फेटा ओला झाला, तेव्हा अक्षदाने आपल्या बाजूची काच खाली घेतली आणि त्यालाही घ्यायला लावली.

साठ नवऱ्या त्या गाडीतून बंद काचेआड गेल्या होत्या. आता काच उघडी, इंजिन गप्प. बायका चालता चालता आत हात घालून अक्षदाच्या गालावरून बोटं फिरवायला लागल्या. कुणी तिचा पदर नीट केला. नव्वदीची जिजा आत्या खिडकीला धरून पाव किलोमीटर चालली आणि तिला सासूशी कसं वागावं ते सगळं सांगून झालं. पुढे काका जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत होते. घाम डोळ्यांत जात होता, म्हणून ते सारखे डोळे पुसत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. मारुतीला नारळ फुटला. अक्षदा उतरली, काळ्या गाडीत बसली, छप्पर उघडून उभी राहिली आणि वळण येईपर्यंत हात हलवत राहिली.

आता त्या भागात नवी पद्धत आहे. भिवाजीकाकांची गाडी ढकलतच न्यायची. ढकलण्याचा मान ठरलेला, उजवीकडे मामा, डावीकडे आत्याचे यजमान. मागच्या वैशाखात यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. किशोरने इंजिन खोलून साफ करून दिलंय, एकदम नवं वाजतं, पण ऐकणार कोण? काचेवरच्या कागदावर आता किलोमीटरही आहेत आणि तासही, पण इंजिन चालूच होत नाही म्हणून दोन्ही जागच्या जागी.

परवा किशोर ओट्यावर चहा प्यायला बसला होता. आता त्याला न मागता चहा मिळतो. कागदाकडे बघून तो म्हणाला, “काका, ऑइल बदलून वर्ष झालं.”

काका सावरून बसले. उभ्या मशीनचं तेल, असं त्यांनी सुरू केलं.

आतून चंद्राकाकूंचा आवाज आला, “आवो, मागच्या टायमाला उभं राहूनच तर वाट लागली व्हती.”

काकांनी चहा संपवला आणि किल्ली कुठे ठेवलीय ते विचारलं.