कौलांखालचा फोम

अब्बा बहरीनला, सित्र्याच्या एका कंपनीत छतांवर फोम मारायचे. दोन ड्रममधली दोन रसायनं नळ्यांतून बंदुकीत यायची, स्लॅबवर फवारा पडायचा आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगून बघता बघता घट्ट व्हायचा. वरून पांढरा रंग दिला की खालच्या खोल्या उन्हाळ्यातही जरा सुसह्य होत. कंपनीची बस पहाटे त्यांना उम्म अल हस्समच्या आमच्या कोपऱ्यावरून घेऊन जायची. संध्याकाळी परत येत तेव्हा मनगटांवरच्या केसांना पिवळट कण चिकटलेले असत. अम्मी खोबरेल लावून ते सोडवत बसायची. केस तुटायचे, कण निघायचे नाहीत. हे आम्ही रोज बघत होतो. तरीही पुढे जे केलं ते केलंच.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. दहावीपर्यंत रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, मराठी शाळेत होते. मग अब्बांना फॅमिली व्हिसा मिळाला आणि अम्मी आणि मी बहरीनला आलो. इथे सगळं इंग्रजीत. वर्गात निम्मं कळायचं आणि बाकीच्या निम्म्याला मी मान हलवायचे. कळलं नाही असं म्हणायची लाज वाटायची. अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी तेव्हा समजत होते. बसमधल्या माणसांना ते सांगायचे, "माझी पोरगी केमिस्ट्री शिकते."

गावी त्यांनी घर बांधलं होतं. वर मंगलोरी कौलं आणि त्यांखाली राहता येईल एवढा उंच माळा. चाचा, म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ, तिथे राहून घर सांभाळायचे. त्या वर्षी अब्बांना खोकला लागला होता आणि जिने चढताना ते मध्येच थांबायचे. माझ्या शेवटच्या परीक्षेला अजून एक वर्ष होतं. "ती झाली की खलास," ते म्हणायचे. "माळ्यावर पलंग टाकायचा आणि झोपायचं. कुणाची बस नाही, काही नाही."

पण कौलांखालचा माळा मे महिन्यात तापतो. शिवाय दर वर्षी पावसाआधी कौलं परतायची, म्हणजे एकेक उचलून झाडायचं, फुटकं बदलायचं आणि पुन्हा बसवायचं. चाचा दर वर्षी कुरकुरत ते करायचे. अब्बांच्या डोक्यात आलं की आतून, कौलांच्या पोटाला, फोम मारायचा. माळा थंड राहील आणि सगळी कौलं एकमेकांना अशी चिकटतील की परतायची कटकटच संपेल. मुंबईला कोल्ड स्टोरेजची कामं करणारा त्यांचा एक जुना सोबती होता. तो मशीन आणि ड्रम टेम्पोत घालून गावी यायला तयार झाला.

सुट्टीवर जाण्याआधी एका शुक्रवारी अब्बांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. ड्रमसोबत येतो तो माहितीचा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला.

"वाच. लाकडावर चालतो का बघ."

मी पुढचं पान वाचलं. काँक्रीट, पत्रा, लाकूड, सगळ्यांना चिकटतो असं लिहिलं होतं. तेवढं मला कळलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात बरंच काही होतं. मी पान अर्धं उचललं, ती अक्षरं पाहिली आणि खाली ठेवलं.

"चालतो," मी म्हणाले.

"बघितलंस ना नीट?"

"हो, अब्बा."

स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, "गावच्या सुताराला विचारा की एकदा."

"त्याला काय कळतं फोममधलं?" अब्बा हसले. "इथे शिकलेली पोरगी बसलीय."

महिनाभराने ते परतले तेव्हा खूश होते. सगळा माळा एका दिवसात झाला म्हणाले. आतून ढगात बसल्यासारखं वाटतं म्हणे.

त्यानंतर चाचांच्या कॅसेट येऊ लागल्या. आमच्या गावच्या एकाचं बाब अल बहरीनला कापडाचं दुकान होतं. गावाहून कुणी आलं की चाचांनी बोलून भरलेली कॅसेट त्या दुकानात ठेवली जायची आणि अब्बा ती घेऊन यायचे. जेवण झालं की आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. चाचांना मध्ये थांबवता यायचं नाही, तरी अब्बा त्यांना उत्तरं देत राहायचे.

पहिल्या कॅसेटमध्ये चाचा म्हणाले, "भाई, माळा थंडगार आहे, मानलं तुला. पण वास कसला येतो रे? माळ्यावर सुकट वाळत घालून गेलास काय?"

"जाईल, जाईल," अब्बा टेपरेकॉर्डरला म्हणाले. "चार दिवसांत जाईल."

दुसऱ्या कॅसेटमध्येही वास होता. मिश्रण नीट जमलं नसेल, हवा फार दमट होती, असं अब्बा स्वतःशीच पुटपुटले. चाची माळ्यावर चढली की तिचं डोकं दुखायचं, म्हणून तिने तिथे जाणं सोडलं होतं. तिसऱ्या कॅसेटमध्ये पाऊस होता. बोलण्यामागे तो ऐकू येत होता.

"भाई, नारळ पडून मागच्या अंगाची वरची चार-पाच कौलं फुटली. पण पाणी गळतं पार खाली भिंतीला. आतून बघायला जावं तर नुसता पिवळा फोम. सुताराला आणलं. तो म्हणतो, वासा दिसत नाही, रीप दिसत नाही, मी सांगू काय? मला विचारतो, बहरीनच्या शेखनं केलाय काय हा माळा?"

अब्बा हसले नाहीत. कॅसेट मागे घेऊन त्यांनी तेवढंच पुन्हा ऐकलं.

त्या आठवड्यात मी तो कागद कॉलेजात नेला आणि डिक्शनरी घेऊन मागचं पान वाचायला बसले. एक तास गेला असेल. लाकडाला वारा लागायला जागा सोडा, असं तिथे होतं. सुट्या कौलांना आतून मारू नका, पाणी शिरलं तर अडकून राहील आणि लाकूड कुजलेलं वरून दिसणार नाही. एकदा मारलेला फोम लाकडाला धक्का न लावता काढता येईलच असं नाही. घरात माणसं असतील तर वास पूर्ण जाईपर्यंत त्यांना बाहेर ठेवा. सगळं होतं. अवघड शब्द आठ-दहाच असतील.

मी घरी काही बोलले नाही. परीक्षा होईपर्यंत तो कागद पुस्तकात तसाच राहिला.

पाऊस संपल्यावर सुताराने फुटकी कौलं काढायला घेतली. कौल एकटं येईना. प्रत्येकाबरोबर खालच्या लाकडी रिपेचा तुकडा यायचा, आणि तो तुकडा हातात भिजल्या पावासारखा चुरायचा. मागच्या अंगाचे सात वासे गेले होते. उरलेल्यांचं काय ते फोम खरवडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि खरवडताना चांगलं लाकूडही सोलून निघत होतं. शेवटच्या कॅसेटमध्ये चाचांनी एकही चेष्टा केली नाही. "आख्खं छप्पर उतरवावं लागेल," एवढंच म्हणाले, आणि मग सगळ्यांना सलाम.

माझी परीक्षा संपली त्या आठवड्यात अब्बांनी व्हिसा दोन वर्षांनी वाढवून घेतला. आल्यावर त्यांनी व्हिसाचं नवं कार्ड टीव्हीवर ठेवलं आणि हात धुवायला गेले. माळ्यावरच्या पलंगाचं नाव कुणी काढलं नाही. अम्मीने ताटं घेतली.

जेवताना माझ्याने राहवेना. मी म्हणाले, "अब्बा, मी तेव्हा मागचं पान वाचलं नव्हतं. मला इंग्रजी तेवढं येत नव्हतं."

ते घास चावत राहिले. मग पाणी प्याले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पान तू अर्धं उचललंस आणि ठेवलंस. मी बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू वाचलं असतंस." ते जरा खोकले. "मला 'चालतो' हेच ऐकायचं होतं. वीस वर्षं छतांवर काढली, मला लाकूड कळत नाही का?"

अम्मी म्हणाली, "दोघंही एकासारखे एक. आता जेवा."

मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. फार थकवा वाटला. त्यांनाही वाटत असावा, कारण ते ताटावरून उठले तेव्हा एक हात टेबलावर टेकून जरा वेळ तसेच उभे राहिले.

सकाळी बसच्या वेळेला मला जाग आली. अब्बा दाराशी बूट चढवत होते. मला पाहून म्हणाले, "कंपनीत नवीन ड्रम आलेत. त्यांचा कागद आणतो संध्याकाळी."

"आणा," मी म्हणाले. "पण सगळं कळेल असं नाही."

"नाही कळलं तर नाही कळलं म्हण," ते म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले. पहिल्या वळणावर ते थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पुन्हा पावलं सुरू झाली.