त्सेंकाने मारलेला चौथा बोअर

त्सेंकाबरोबर मी एकवीस वर्षं काढली. ती भूगर्भशास्त्र शिकलेली, मी तिच्या हाताखालचा बोअरवाला. कुठे जुना पेट्रोल पंप विकायला निघाला की खालच्या टाक्या गळतात का ते बघायला आम्हाला बोलवायचे. मी भोक पाडायचो, ती माती बरण्यांत भरायची, पाण्याचे नमुने घ्यायची. बोलणं कमी. नवरा स्पेनला कामाला गेला तो आलाच नाही, पण त्याबद्दलही तिच्या तोंडून मी अवाक्षर ऐकलं नाही.

दोब्रेनित्सा गावातला पंप सहकारी शेतीच्या काळातला. संस्था कधीच मोडली होती. शहरातला एकजण ती जागा गोदामासाठी घेणार होता, त्याला स्वच्छ अहवाल हवा होता. तीन बोअर ठरले, तिन्ही पंपाच्या वरच्या अंगाला. तिन्हींत काही सापडलं नाही.

"पाणी उताराने खाली जातं, वेलिच्को, आणि आपण वर भोकं पाडतोय," त्सेंका म्हणाली. तिने साहेबाला फोन करून चौथा बोअर मागितला. ठरलंय तेवढंच करा, असं उत्तर आलं.

मी यंत्र गाडीवर चढवलं. तिने हाताचा गिरमिट उचलला आणि खालच्या गल्लीत स्तामेना आजीचं फाटक वाजवलं. आजी ऐंशीच्या पुढची, एकटी. अंगणात टोमॅटो, मिरच्या. तिने आधी विहिरीचं पाणी दिलं. मी पिऊन टाकलं, या धंद्यात माझं नाक केव्हाच कामातून गेलंय. त्सेंकाने पेला तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

आम्ही आळीपाळीने गिरमिट फिरवला. चार मीटरवर काळीनिळी माती लागली, डोळे चुरचुरायला लागले. आणखी खाली पाणी लागलं. त्सेंकाने काचेची नळी सोडून वर काढली. पाण्यावर बोटभर डिझेल तरंगत होतं.

पाण्याला वास येत नाही का, असं तिने आजीला विचारलं.

"येतो की," आजी म्हणाली. "माझा नवरा मिन्चो जन्मभर ट्रॅक्टरवर होता. मला वाटायचं, त्याचाच वास घरात राहिलाय."

चौथा बोअर अहवालातून काढ, असं आमच्या साहेबाने सांगितलं. तिने काढला नाही, अहवाल स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत नेऊन दिला. तिची नोकरी गेली. गल्लीतल्या अकरा विहिरींना सिमेंटची झाकणं बसली. गोदामवाल्याने सौदा मोडला. मग टाक्या काढायच्या कुणी? कचेरी म्हणाली, मालकाने. मालक म्हणजे ती मोडलेली संस्था, तिचं कुणीच उरलं नव्हतं. पाण्याचा टँकर थंडी सुरू होईपर्यंत आला, मग बंद झाला. बाजारात दोब्रेनित्साची भाजी म्हटलं की गिऱ्हाईक पुढे सरकायचं.

वसंतात त्सेंका पुन्हा पाणी मोजायला निघाली, फुकट. मीच गाडीने नेलं. गल्लीत फाटकं मिटलेली. स्तामेना आजीने कुऱ्हाडीने झाकण फोडलं होतं आणि बादली सोडली होती.

"आजी, हे पाणी पिऊ नका. मी बाटल्या आणून देते."

"टोमॅटोंना बाटलीने पाजू?" आजीने दोर ओढायचं थांबवलं नाही. "पोरी, तू यायच्या आधी माझ्याकडे पाणी होतं. शेजारी बोलायचे. आता, मी तुला आत घेतलं म्हणून, कोणी दारात उभं राहत नाही."

त्सेंका दर शनिवारी बसने बाटल्या नेत राहिली. आजी त्या ओळीने लावून ठेवायची, उघडायची नाही. तिसऱ्या हिवाळ्यात आजी गेली. डॉक्टरने कागदावर हृदय लिहिलं. पाण्याने गेली की वयाने, तपासायला कुणी सांगितलं नाही.

दफनावरून परतताना त्सेंका गाडीत म्हणाली, "मी ते भोक पाडलं नसतं तर निदान तिच्याकडे माणसं तरी आली असती."

मी गाडी चालवत राहिलो.

आता ती शहरात एका बेकरीत काम करते. मी पाव घ्यायला जातो. पाव देते, सुट्टे पैसे परत करते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते. दोब्रेनित्साचं नाव आम्ही दोघं काढत नाही. टाक्या अजून जमिनीतच आहेत, आणि त्या गल्लीतल्या सात घरांत अजून माणसं राहतात.