दहावी टाकी

"आधी ऐका," असं म्हणून मिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर तळहात धरायचे. गिऱ्हाईक गप्प. मग त्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून घ्यायचे, दोरी ओढून चालू करायचे आणि मान वाकडी करून डोळे मिटायचे. मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पेट्रोलवर चालणारे हे पंप दुरुस्त करणारे ते एकटेच. माणसानं आजार सांगितलेला त्यांना चालत नसे. पंपानं स्वतः सांगायला हवा.

मी शेजारचा. माझं माईक-स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान, आणि लग्नात, सत्कारात, शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करायलाही मीच. एका सरपंचांना मी वाढदिवसाला असं काही चढवलं, की खाली उतरल्यावर त्यांनीच मला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं मी केलं कधी? तर असा मी. मिस्त्री मला 'माईकवाले' म्हणत आणि माझ्या बोलण्यातला निम्मा भाग ऐकता ऐकताच वजा करत. बाहेर पाऊस आहे असं मी सांगितलं, तरी उठून बघून येत.

चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून बसलेल्या माणसाचे कान कसे जातात, ते मी जवळून पाहिलं. आधी चिमण्या गेल्या. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, औंदा चिमण्या कुठं गेल्या? समोरच्या तारेवर वीसएक चिमण्यांचा कलकलाट चालला होता. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेलेत, वर्षभरात जाडही जातील. कानात घालायचं यंत्र दिलं, ते त्यांनी दोन दिवसांत काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, कानात कुणी पत्रा वाजवतंय असं वाटतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पार्सल आलं. आत पेरूएवढं इंजिन. पेट्रोलवर चालणारं, छोट्या विमानाचं. खेळण्यातलं म्हटलेलं त्यांना खपत नसे. विमानाचा सांगाडा त्यांनी थर्माकोल आणि बांबूच्या कामट्यांचा स्वतःच केला होता. या वयात हे कशाला, असं मी विचारलं. म्हणजे ओरडूनच विचारलं.

"जिंदगीभर मशीन जमिनीवरच ऐकली, माईकवाले. कुणाच्या तरी पाठीवर. एकदा वरून आवाज यावा वाटतं, आभाळातून. जाड येतंय तवर ऐकून घेतो."

पण नवं इंजिन तसंच आभाळात सोडता येत नाही. नवी मोटारसायकल पहिले काही दिवस दमानं चालवतात ना, तसंच हे. आधी जमिनीवर रुळवायचं. मिस्त्रींचा हिशेब दहा टाक्यांचा. इंजिन फळीला आवळून बसवायचं, पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त घालायचं, रोज एक टाकी जाळायची आणि थंड होऊ द्यायचं. पेट्रोल पुरेसं मिळत असलं की इंजिन जाड, भरल्या आवाजात बोलतं. कार्बोरेटरचा स्क्रू जास्त आवळला की ते तहानतं, आणि त्या जाड आवाजावर एक बारीक सूर चढतो. तो आला की लगेच स्क्रू सैल करायचा. नाहीतर आत पिस्टन तापून चिकटतो आणि खेळ खलास.

आणि नेमका तो बारीक सूर मिस्त्रींना येत नव्हता.

म्हणून त्यांना माझे कान हवे होते. खूण ठरली. ठीक असेल तर तळहात आडवा, बारीक आलं की बोट वर. "बोलायचं न्हाई," त्यांनी मला बजावलं. बायकोनं तीस वर्षं हेच सांगितलं होतं, पण मी ऐकलं ते मिस्त्रींचं. नऊ दिवस, नऊ टाक्या, दुपारी दुकानामागं मी मुक्यासारखा बसलो. बोट वर केलं की त्यांचा हात स्क्रूवर हलायचा, केसभर. आम्ही दोघं मिळून एक धड मिस्त्री झालो होतो. संध्याकाळी ते विमानाच्या रिमोटवर अंगठे घोटवत बसायचे.

दहाव्या टाकीला स्क्रू कायमचा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी विमान उडवायचं, असं ठरलं. आता एवढा मोठा प्रसंग, आणि प्रेक्षक नाहीत? मला राहवेना. मी मोंढ्यातली पंचवीस माणसं गोळा केली. सतरंजी टाकली. माईकसुद्धा लावला. मिस्त्रींनी माईककडे एकदा पाहिलं आणि दोरी ओढली.

इंजिन चालू झालं. ते स्क्रू थोडा आवळत आणि माझ्याकडे बघत. माझा एक तळहात आडवा, दुसऱ्या हातात माईक. मी त्या सरपंचांचाच किस्सा सांगत होतो. रंगलाही होता. शेवट तोंडावर आला आणि तेवढ्यात तो बारीक सूर आला.

मला आला. स्पष्ट आला. मिस्त्रींची नजर माझ्या हातावर होती. बोट वर केलं असतं तर लोकांनी तिकडं पाहिलं असतं आणि किस्सा पडला असता. एका वाक्याचा तर प्रश्न होता. मी तळहात आडवाच ठेवला आणि ते वाक्य म्हटलं.

लोक खो खो हसले. त्या हशातच इंजिन किंचाळलं आणि थांबलं.

किंचाळणं मिस्त्रींना ऐकूच गेलं नाही. त्यांना फक्त इंजिनाचा पंखा थांबलेला दिसला. त्यांनी तो हातानं फिरवून बघितला. फिरेना. इंजिनावर बोट टेकवलं आणि चटका बसला तरी तसंच ठेवलं.

"बारीक आल्तं का?" त्यांनी मला विचारलं.

पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई."

त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांपुढं धरला. "मंग हातच गेला माझा," म्हणाले.

दुसरं इंजिन मागवू, असं मी चारदा म्हटलं असेल. कोणाच्या हातानं रुळवू, असं त्यांनी एकदाच विचारलं. त्या आठवड्यात एक पंप आला, त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवून दिला. मग ते येणाऱ्याला जालन्याला पाठवू लागले. कान जाताना बघून ते खचले नव्हते, हो. माझ्या एका शब्दानं खचले. आमच्या दुकानांत एका भिंतीचं अंतर होतं. मी रोज जाऊन त्यांना हसवत होतो, पण ते एक खरं सोडून बाकी सगळं बोलत होतो. दोन महिन्यांनी त्यांची लेक येऊन त्यांना जालन्याला घेऊन गेली.

मी गेलो ते दिवाळीनंतर. लेकीचं घर स्टेशनला लागून. मी बसलो असतानाच गाडीचा भोंगा वाजला, खिडकीची काच थरथरली. मिस्त्री माझ्याकडे बघून शांत हसत होते. जाडही गेलं होतं. लेकीनं वही आणि पेन्सिल आणून दिली. अण्णांना आता लिहूनच सांगावं लागतं, म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

मी लिहिलं, 'त्या दिवशी बारीक आवाज आला होता. मला ऐकू आला होता. मी बोट वर केलं नाही. तुमचा हात चुकला नव्हता.'

त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"मला बरं वाटावं म्हणून एवढ्या दूर आले," ते म्हणाले, "अन् खोटं लिहून राह्यले."

मी लिहिलं, 'आईशपथ खरं.'

"अहो, तुमाला आलं असतं तर तुमी बोट वर केलंच असतं. नऊ टाक्या केलं का न्हाई?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, वहीचं पान उलटलं आणि कोरं पान माझ्यापुढं ठेवलं. "हे सोडा. मोंढ्यातलं काई लिवा, गमतीचं."

आणि मी लिहू लागलो. कुणाच्या लग्नात काय झालं, कोण स्टेजवरून पडलं, न पडलेल्यालाही पाडलं. चार पानं भरली. ते वाचत होते आणि मोठ्यानं हसत होते, आणि ते हसणं त्या खोलीत मला एकट्यालाच ऐकू येत होतं.