शेपटीवाला तारा आणि आमचा अंधार

त्या आठवड्यात सूर्य बुडाला की आमच्या सावली तालुक्यातल्या गावच्या तलावावर शेपटीवाला तारा नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. तो बघायला शहरातून गाडी भरून पाहुणे आले. त्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मीच नेलं. धान उभं असलं की बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, वाघ दडून बसतो, म्हणून सांजेला आम्ही रिकामा डबा वाजवतच चालतो. हे त्यांना सांगून मी डबा वाजवला, तर त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "काका, आवाज नको, शूटिंग चालू आहे." वर म्हणते, "किती सुंदर अंधार आहे हो तुमच्याकडे!"

माझं डोकंच फिरलं. "खांबावरचे लाइट बंद हायेत, बाई. पावसाळ्यापासून ओरडून राह्यलो, कोनी आयकत नाई."

"बरंच झालं की! नाहीतर हा दिसलाच नसता."

तारा देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण तो मावळला आणि सगळ्यांना वाघ आठवला. "काका, गाडीपर्यंत सोडता का?"

डबा बडवत मी त्यांना सोडलं. काचा वर करून ते निघून गेले. मला घरापर्यंत कोण सोडणार, हे एकानेही विचारलं नाही.